आष्ट्याच्या पुढचा लाल दिवा

वसंता,

तुझ्या तेराव्याची यादी एकवीस कलमांची होती. एकवीसही पार पडली. पाट, पत्रावळी, गुरुजींची वेळ, भोपाळहून येणाऱ्यांना स्टेशनावरून आणणं, सुमनवहिनींच्या भावासाठी बिनतिखटाची भाजी. जाता जाता लोक म्हणत होते, "तुम्ही होतात म्हणून निभावलं." मी मान डोलावत होतो. मान डोलावणं मला चांगलं जमतं.

शोकसभाही माझ्याकडेच आली. सतरंज्या, माईक, तुझा फोटो, हार, वक्त्यांचा क्रम आणि शोकप्रस्तावाचा मसुदा. मसुद्यात मी तुला 'कर्तव्यदक्ष' म्हटलं. ऐकून तू हसला असतास. आपल्या कचेरीत निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द लावायचे, दुपारी टेबलावर डोकं ठेवून घोरणाऱ्यालासुद्धा.

सभेत मग आपला शिर्के उठला. त्याला मी तिसरा ठेवला होता, कारण तो पहिला बोलला की पुढच्यांची वेळ खातो. उठला आणि म्हणाला, "अरे भिया, वसंता म्हणजे क्या चीज होती! गाडीत लाल दिवा लागला तर हा म्हणतो, लागू दे, अपनी तो दिवाळी आहे! आणि असं इंजिन जाम केलं पठ्ठ्याने की पोलोग्राउंडच्या रशीदभियाने हात जोडले. बोला!"

मी ज्याचा सेक्रेटरी आहे त्या आपल्या मंडळाचा हॉल हसला. शोकसभेत हसायला मिळालं की माणसं जरा जास्तच हसतात. शिर्केच्या लक्षात आलं की त्या दिवशी आपण कशासाठी निघालो होतो, तेव्हा तो गडबडला. "पण दिल का राजा आदमी!" म्हणून खाली बसला. पहिल्या रांगेत सुमनवहिनी आपल्या हातांकडे बघत होत्या. बापट माझ्या कानाशी म्हणाला, "खरंय पण. घाईच नडली वसंताला."

पुढचं नाव माझं होतं. मी चार मिनिटं बोललो. तुझ्या अक्षराबद्दल, तुझ्या क्रिकेटबद्दल, तुझ्या पोह्यांच्या वेडाबद्दल. वेळेत संपवलं.

शिर्केची गोष्ट खोटी आहे, वसंता. शिर्केला ते माहीत नाही, बापटला माहीत नाही. तुला माहीत होतं आणि मला माहीत आहे. ते इंजिन माझ्यामुळे जळलं. सहा वर्षं माझ्या प्रत्येक यादीच्या तळाशी एक कलम आहे, 'वसंताशी बोलणे'. एक यादी संपली की ते दुसरीवर उतरवायचं, असं करत आलो. आता तू गेलास, तर कलम तेवढं उरलं.

तुला राग येईल असं बोलणार आहे. तुझ्यावर माझाही राग आहे. तोही इथेच येईल.

*

नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागे आपली कचेरी गेली. फायली ट्रकांत भरून गेल्या आणि आपण चौघे फायलींच्या मागोमाग. बायकामुलं इंदूरलाच. कुणाच्या शाळा, कुणाचे म्हातारे आईबाप. शनिवारी अर्ध्या दिवसाने निघालं तर आगगाडी उज्जैनवरून फिरवून रात्री पोचवायची. रविवारी जेवलो की लगेच परत. हे काही जगणं नाही, असं तूच म्हणालास, आणि तूच एका जुन्या सरदाराच्या घरी धूळ खात पडलेली विलायती मोटार शोधून काढलीस. आपण ती चौघांत घेतली.

गाडी घेतली त्याच दिवशी मी वही घेतली.

यावरून तू माझी जी टर उडवलीस ती आजही कानात आहे. "सेक्रेटरी, गाडीला चार चाकं आणि तू पाचवं चाक लावतोयस." पण नियम मी केले ते चांगले होते, हे तुला मान्य करावं लागेल. दर शनिवारी निघण्याआधी चौघांपैकी एकाची पाळी. पाच ओळी. पाणी, हवा, तेल, स्टेपनी, डिकीतला तेलाचा जादा डबा. प्रत्येक ओळ स्वतः पाहायची, पुढे बरोबरची खूण करायची, खाली सही. चालवायचं तू, कधी शिर्केने. शिर्केचे आजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते आणि तो मोटारीतही घोड्यावर बसल्यासारखा ताठ बसायचा. बापट सिहोरला झोपायचा तो देवासला उठायचा. मी पुढे तुझ्या शेजारी, मांडीवर वही.

गाडीची खोड पोलोग्राउंडच्या रशीद मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितली होती. समोरच्या पट्टीवर वेगाच्या काट्याखाली एक लाल दिवा होता, बोराएवढा. रशीदने त्यावर बोट ठेवून सांगितलं, "बाबूजी, गाड़ी बूढ़ी है, तेल पीती है. हर हफ़्ते देखना पड़ेगा. और ये बत्ती जले तो पहले तेल देखो. तेल पूरा है तो समझो तार ढीला है, चलते रहो. तेल कम है तो वहीं रुको. एक क़दम नहीं."

तार खरंच ढिली होती. खड्डा आला की दिवा लुकलुकायचा. आपण उतरायचो, तू बॉनेट उघडून तेल मोजायची सळई काढायचास, तेल भरपूर असायचं, आणि आपण पुन्हा निघायचो. चार-पाच वेळा असं झालं. सहाव्या वेळी तू न उतरता मला विचारलंस, "तेल पाहिलंय ना वहीत?" मी पान बघून म्हणालो, "हो. बापटची सही आहे." तू न थांबता गाडी पुढे काढलीस. दिवा आपोआप विझला. त्यानंतर तीच आपली पद्धत झाली. दिवा लागला की वही उघडायची.

आपण दोघे दरबारी कारकुनांची नातवंडं. माझे आजोबा इंदुरात बड्या गणपतीजवळच्या आमच्या घरात बसून सांगायचे, सही झाली म्हणजे ती गोष्ट झाली. पाहणी झालेली नसली तरी पाहणीचा कागद खरा. दुसऱ्या कुणी मोटारीचं बॉनेट उघडलं असतं. आपण पान उघडत होतो.

आणि तुला हे ठाऊक होतं. त्या पावसाळ्यातला गुरुवार आठव. माझ्या भोपाळच्या खोलीवर तू आलास, मी आंघोळीला गेलो होतो आणि तू वही चाळलीस. शनिवारचं पान भरलेलं.

"काय सेक्रेटरी, भविष्य पण लिहितोस? शनिवारी टायरात हवा किती असेल ते तुला गुरुवारीच कळतं?"

"सकाळी गडबड होते. आधी लिहून ठेवतो, मग पाहतो."

"आणि मग पाहतोस?"

"पाहतो."

"हव भिया, पाहशील. तू नाही पाहणार तर कोण पाहणार?" असं म्हणून तू टॉवेल माझ्या अंगावर फेकलास.

मी खरंच पाहायचो, वसंता. माझ्या पाळीच्या प्रत्येक शनिवारी पाहायचो. एक सोडून.

*

तो शनिवार मी शंभर वेळा पुन्हा लिहून काढला आहे, वेळेसकट. इथे एकदाच लिहितो.

पाळी माझी. शुक्रवारी संध्याकाळी पाचही खुणा करून सही करून टाकली. शनिवारी एक वाजता, निघण्याआधी, बॉनेट उघडायचं ठरवलं होतं. साडेदहाला तुझ्या टेबलावर तार आली, तुझ्या आईबद्दलची. माई गंभीर, ताबडतोब या. तू तार माझ्याकडे दिलीस आणि नुसता उभा राहिलास. मी म्हणालो, "तू बस. मी करतो सगळं."

केलंच मी सगळं. कागद घेतला आणि सहा कलमं लिहिली. चौघांच्या रजा, साहेबांची परवानगी, शिर्केला निरोप, बापटला उठवणं, पाण्याची सुरई, वाटेत खायला काही. दीड तासात सहाही झाली. तेल त्या यादीत नव्हतं. का असेल? वहीत त्यापुढे खूण होती. माझ्या डोक्यात ते काम झालेलं होतं.

बाराला निघालो. सिहोर गेलं. एरवी तिथे थांबून आपण चहा घ्यायचो, त्या दिवशी हॉटेलवाल्याने हात केला, तू बघितलं नाहीस. आष्टा गेलं. आष्ट्याच्या पुढे, बाभळी सुरू होतात तिथे, लाल दिवा लागला. खड्डा नव्हता. लुकलुकला नाही. लागला आणि लागून राहिला.

तू पायाखालचा जोर कमी केलास. मागून शिर्के म्हणाला, "तार ढिली आहे यार, चल." तू त्याच्याकडे लक्ष दिलं नाहीस. माझ्याकडे वळून, इंजिनच्या आवाजात मागच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलंस, "तेल पाहिलंस ना?"

बघ, नेहमी तू विचारायचास, वहीत पाहिलंय ना. त्या दिवशी तू तसं विचारलं नाहीस. मी पाहिलं का, ते विचारलंस.

मी वही उघडली. पानावर माझी सही होती. मी तेवढ्याच हळू म्हणालो, "हो."

एवढंच. 'नाही' म्हणालो असतो तर काय झालं असतं? तू गाडी बाभळीखाली घेतली असतीस. डिकीत तेलाचा जादा डबा होता, तो खरोखरच होता, भरलेला. ओतायला दहा मिनिटं. शिव्या दोन मिनिटं. पाच वाजता जुन्या इंदुरात तुझ्या दारात.

तू पाय दाबलास. दिवा लागलेलाच. सोनकच्छ गेलं, पूल ओलांडला, आणि त्यापुढे थोड्या अंतरावर आतून लोखंड लोखंडाला चावल्यासारखा आवाज झाला. गाडी आपोआप थांबली. सव्वातीन वाजले होते.

तू उतरलास. बॉनेट उघडलंस. वाफ नव्हती, काही नव्हतं, नुसता जळका वास. सळई काढलीस, खिशातल्या रुमालाने पुसलीस, पुन्हा आत घातलीस, काढलीस, पुन्हा पुसलीस. रुमाल पांढराच राहिला. मी तुझ्या शेजारी उभा होतो. तू रुमालाकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. तू रागावला नव्हतास. परगावी पत्ता विचारायच्या आधी माणूस अनोळख्याकडे बघतो, तसं बघितलंस. मग रुमाल घडी करून खिशात ठेवलास.

मागून शिर्के आणि बापट आले. "काय झालं रे?"

आणि तू म्हणालास, "माझीच घाई. दिवा लागला होता, थांबायला हवं होतं."

*

इथे माझा राग सुरू होतो.

का म्हणालास तसं? त्या क्षणी तू मला शिवी दिली असतीस, रुमाल माझ्या तोंडावर मारला असतास, तर मी रस्त्यात बसून रडलो असतो आणि ती गोष्ट तिथेच संपली असती. शिर्केने मला चार बोल लावले असते. बापटने महिनाभर तोंड फिरवलं असतं. पण तू दोषाचं ओझं माझ्या हातातून काढून आपल्या खांद्यावर घेतलंस, जसं स्टेशनावर माझी ट्रंक घ्यायचास. आणि मी ते तुला घेऊ दिलं. तोंड उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तू ट्रकला हात करायला वरच्या चढावर निघून गेलास, शिर्के तुझ्या मागे, बापट पाणी शोधायला.

मी गाडीत एकटा होतो. मी वहीतलं ते पान फाडलं.

मी, ज्याने कधी बसचं तिकीटसुद्धा फेकलं नाही, त्याने. शिवणीपासून फाडलं, दातेरी कड राहू नये म्हणून नखाने दाबून, नीट. चार घड्या घालून बनियनच्या आत ठेवलं. पुढे दोन आठवड्यांनी शिर्केने वही मागितली. "अरे सेक्रेटरी, त्या दिवसाचं पान कुठाय?" मी म्हणालो, "त्या घाईत भरायचं राहिलं." शिर्केने ते ऐकलं आणि त्याच्या गोष्टीला शेपूट जोडलं, की वसंताने तेल पाहू दिलं नाही, वहीसुद्धा भरू दिली नाही, असा सुटला. ती गोष्ट सहा वर्षं इंदुरात फिरली. लग्नात, बारशात, मंडळाच्या कोजागिरीला. तुझ्यासमोरही सांगितली गेली. तू हसायचास. मीही हसायचो.

कापसाच्या गाठी नेणारा ट्रक मिळायला सव्वाचार झाले. साडेसहाला जुन्या इंदुरात पोचलो. माई पावणेसहाला गेल्या होत्या. तुझ्या धाकट्या भावाची बायको रडत रडत सांगत होती, "तीनदा विचारलं त्यांनी. मोटार आली का, मोटार आली का."

तू दाराच्या पायरीवर बसलास. बूट काढायला वाकलास आणि तसाच वाकलेला राहिलास. तुझ्या बुटांच्या नाड्या मी सोडल्या. ते एक काम मी त्या दिवशी खरं केलं.

माई माझ्याही होत्या. हे म्हणायचा मला हक्क राहिलेला नाही, तरी म्हणतो. आठव्या वर्षापासून मी तुमच्या स्वयंपाकघरात जेवलो. भुट्ट्याचा कीस केला की बड्या गणपतीला निरोप यायचा. मी आलो की त्या कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "काय रे यादीवाल्या, आज काय काय राहिलं?" आणि मला खरोखर यादी वाचून दाखवायला लावायच्या, आणि मध्येच एखादं त्यांचं काम घुसवायच्या. "त्यात लिही, माईंना खजूर आणणे."

*

त्यानंतर तू गाडीत बसला नाहीस. गाडी पोलोग्राउंडला रशीदच्या आवारात उभी राहिली, तिथेच तिचे भाग गेले. तू उज्जैनवरून आगगाडीने यायला लागलास. पण माझ्याशी बोलणं तोडलं नाहीस, ते तोडलं असतंस तर बरं झालं असतं. दर रविवारी सकाळी पोहे-जिलेबीला आलास. माझ्या बायकोच्या आजारपणात रांगेत उभा राहिलास. आपली मैत्री जशीच्या तशी होती, असं कुणीही म्हणेल.

फक्त एक सवय तुला लागली. मी काहीही केलं की तू विचारायचास, "पाहिलंस ना?" मी 'हो' म्हणायचो. मग तू उठून स्वतः जाऊन पाहायचास.

तुझ्या लेकीच्या, शैलाच्या लग्नाचं सगळं माझ्याकडे दिलंस, सगळं. लोक म्हणाले, केवढा विश्वास. मांडव झाला, तू विचारलंस, "खांब पाहिलेस ना?" हो. तू सायकल काढून गेलास आणि प्रत्येक खांब हलवून बघितलास. पत्रिकेची मुद्रितं मी दोनदा वाचली होती. "पाहिलंस ना?" हो. तू चष्मा लावून पुन्हा वाचायला बसलास. सुमनवहिनी म्हणाल्या, "अहो, त्यांनी पाहिलंय ना, मग कशाला?" तू म्हणालास, "उगीच. सवय."

सहा वर्षं तू मला ही एकच शिक्षा दिलीस आणि ती तू शिक्षा म्हणून दिलीस की नाही, हेही मला कळू दिलं नाहीस. वसंता, हा दुष्टपणा होता. तू चांगला माणूस होतास, शिर्के म्हणतो तसा दिल का राजा वगैरे. पण हा दुष्टपणा होता. मी रोज वाट बघायचो, आज बोलेल. तू कधी बोलला नाहीस. तुझी क्षमा मला नको होती. मला निदान भांडण तरी हवं होतं.

आणि भांडण झालं असतं तर मीही विचारलं असतं. इंजिन समजणारा आपल्यात एकटा तू. दिवा लुकलुकत नव्हता, लागून राहिला होता, हा फरक मला कळला नाही पण तुला कळला होता. म्हणून तर पाय उचललास. मी खुणा आधी करून ठेवतो हे तू स्वतः पकडलं होतंस. मग मला विचारलंस कशाला? उतरून सळई का काढली नाहीस? याचं उत्तर मला ठाऊक आहे. तुला थांबायचं नव्हतं. तुला कुणीतरी 'हो' म्हणायला हवं होतं, आणि शेजारी असा माणूस बसला होता ज्याच्या पानावर 'हो' तयार होतं. हे बोलायला हवं होतं आपण. एकदा, दोघांनीच, कुठल्याही पायरीवर बसून.

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात मी रोज येत होतो, तेही यादी घेऊन. त्या मंगळवारी तुझ्या गोळ्या मी डबीत लावल्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. तू उशीवरून विचारलंस, "पाहिलंस ना?"

"हो."

तू उठायचा प्रयत्न केलास. कोपरावर आलास आणि परत खाली गेलास. मग छताकडे बघत म्हणालास, "बरं."

सहा वर्षांत पहिल्यांदा तुला माझ्या 'हो'वर राहावं लागलं, आणि तेसुद्धा उठता येईना म्हणून. ती डबी मी चारदा तपासली होती, वसंता. डॉक्टरांच्या चिठ्ठीशी एकेक गोळी ताडून. मला तुला तेच सांगायचं होतं, आणि त्याच्या मागोमाग दुसरंही. तोंड उघडलं तेवढ्यात वहिनी कॉफीचा थर्मास घेऊन आल्या. मी थर्मास घेतला, कप धुतले. गुरुवारी तू गेलास.

*

परवा, तेरावा झाल्यावर, मी ते पान घेऊन तुझ्या घरी गेलो. वहिनी एकट्याच होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, कलमवार, जसं इथे लिहिलं तसं. पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उलगडलं, वाचलं, पुन्हा चार घड्या घातल्या.

"त्यांनी मला कधी काही सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "माईंच्या वर्षश्राद्धाला जेवताना एकदाच म्हणाले होते, मी थांबलो असतो तर भेट झाली असती. घास ठेवून उठले होते. तुम्ही समोर बसला होतात."

मी बसलो होतो. मला आठवत होतं. मठ्ठा होता त्या दिवशी.

"आता मला कशाला सांगताय?"

"कुणाला तरी सांगायला हवं, वहिनी."

"कुणाला तरी?" त्यांचा आवाज चढला नाही. "भाऊजी, परवा त्या हॉलमध्ये शंभर माणसं त्यांच्यावर हसली. तुम्ही तिथे खुर्चीवर होतात. त्यानंतर तुमचाच नंबर होता, माईक तुमच्याच हातात होता. मला एकटीला सांगून तुमचं पोट हलकं होईल. त्यांचं काय?"

त्यांनी पान माझ्या हातात परत दिलं. "हे तुमचं आहे. जिथे हसले तिथे वाचा."

त्या घरात पहिल्यांदाच मला चहा विचारला गेला नाही. मी पायरीवर बसून बूट घातले.

म्हणून हे मंडळाच्या अंकाला देतो आहे. संपादक मीच आहे, छापायचं की नाही हा प्रश्न नाही. शिर्के वाचेल, बापट वाचेल, त्या दिवशी हसलेले सगळे वाचतील. माझ्या बायकोला काल वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग सेक्रेटरीपद सोडावं लागेल." मी म्हणालो, राजीनामा लिहून ठेवला आहे. ती म्हणाली, "आधीच?"

माईंच्या दारात उशिरा पोचलास तो तुझ्या घाईने नाही. शिर्के, हे तुझ्यासाठी. यापुढे ती गोष्ट सांगशील तेव्हा अशी सांग, की वसंताने विचारलं होतं, नीट विचारलं होतं, आणि शेजारच्या माणसाने खोटं सांगितलं.

पान माझ्यासमोर आहे. घड्यांवर फाटायला आलं आहे, पण वाचता येतं. पाणी, खूण. हवा, खूण. तेल, खूण. स्टेपनी, खूण. डिकीतला डबा, खूण. खाली माझी सही, शुक्रवारच्या निवांत संध्याकाळी केलेली, वळणदार.

आष्ट्याच्या पुढे तू मला एक विचारलं होतंस. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं.

नाही, वसंता. नाही पाहिलं. गाडी बाजूला घे.